सईला ताशा नको

नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झाला की आमच्या शाळेतही मिरवणुकीची बोलणी निघतात आणि कुणीतरी म्हणतंच, "मुलांना ढोल-ताशा काय आवडतो!" विचारलंय कुणी त्यांना? माझ्या वर्गातल्या मुलांना अतितीव्र बौद्धिक अक्षमता आहे. शब्द नाहीत, खुणा नाहीत, चित्र ओळखतील याचाही भरवसा नाही. म्हणून सगळे त्यांच्या वतीने बोलून मोकळे. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात, कलम ४ मध्ये, या मुलांनाही स्वतःच्या बाबतीत मत मांडायचा हक्क आहे. त्यासाठी वय आणि अपंगत्व बघून आधार द्यायची जबाबदारी सरकार आणि स्थानिक संस्थांची. पण वर्गात तो आधार म्हणजे काय, हे आमचं आम्हीच शोधायचं.

सई (नाव बदललंय) चौदा वर्षांची. समोर केळं आणि बिस्कीट धरलं की उजवीकडे बघते. लगेच, "बिस्कीट हवंय!" अहो, बाजू बदलून बघा. तरी उजवीकडेच बघितलं तर तो कौल बिस्किटाला नाही, तिची मानच तिकडे वळते. मग एकेक वस्तू दाखवायची आणि गप्प बसायचं, मनात दहा आकडे होईपर्यंत. नव्या ताईंना हेच जड जातं. मुलाचा हात धरून चित्रावर बोट टेकवणं मी वर्गात चालू देत नाही. ते मत हात धरणाऱ्याचं.

मी आधी मुलाचा नकार शोधते. सईची आई म्हणायची, "तिला सगळंच चालतं." पालकसभेला आजी आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "छे गं, नको असलं की अंगठा मुठीत घालते ती."

मग मोबाइलवर व्हिडिओ काढले, वेगवेगळ्या दिवशीचे. आम्ही ते आपापले बघितले, टिपणं नंतर जुळवली. ताशाची तर्री सुरू झाली की अंगठा आत, श्वास अडकलेला. नुसता ढोल असेल तर मूठ सैल. तळवा ढोलाच्या कडेला टेकवला की पोरगी एकदम स्तब्ध, आणि टिपरू थांबलं की व्हीलचेअरच्या पायटेकणीवर टाच आपटते.

आता तिच्या टाचेजवळ एक मोठं बटण लावलंय. दाबलं की "पुन्हा!" असा आवाज येतो, शेजारच्या शाळेतल्या आठवीतल्या मुलीचा, चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडी माझा पन्नाशीचा आवाज कशाला? ती समजून दाबते की नुसतीच टाच आपटते, एवढ्यात सांगता येणार नाही. पण बटण वाजलं की ढोल लगेच वाजलाच पाहिजे, चहा हातात असला तरी.

यंदा मिरवणुकीत सई ढोलाशेजारी, ताशा दुसऱ्या टोकाला. व्हॅनवाले काका ताशा झकास वाजवतात, ते जरा रुसले. त्यांना ओंकारच्या गटात दिलंय (हेही नाव बदललेलंच). तर्री ऐकली की तो खिदळतो, आणि काका थांबले तर त्यांचा शर्ट ओढतो.