जपानच्या बँकेत स्वतःचे नाव लिहिताना

टोकियोत नोकरीसाठी येण्यापूर्वी मी पुण्यातून जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी उत्तीर्ण झालो होतो आणि त्याचा मला अभिमानही होता. परंतु त्या परीक्षेत सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे असतात, हाताने एक अक्षरही लिहावे लागत नाही, हे किती अपुरे आहे ते बँकेच्या काउंटरवर कळते. विमानतळावर मिळणारे रहिवासी कार्ड आणि राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत वॉर्ड कार्यालयात करायची पत्त्याची नोंद ही दोन्ही कामे विनासायास झाली.

घोडे पेंड खाते ते नावापाशी. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे नाव असते, ते रोमन लिपीत तसेच रहिवासी कार्डावर उतरते, आणि खाते उघडण्याच्या फॉर्मवर कार्डावरचे सगळे नाव काताकाना या परदेशी शब्दांसाठीच्या जपानी लिपीत लिहावे असा बँकेतील बाईंचा आग्रह होता. माझ्या वडिलांचे नाव चंद्रशेखर. जपानीत ते 'चान्दोराशेकारु' असे काहीसे होते. त्यातील लहान आकाराची दोन अक्षरे आणि 'शे' लांबवणारी आडवी रेघ यांनाही स्वतंत्र चौकोन लागत असल्याने एकट्या वडिलांच्या नावाने दहा चौकोन व्यापले. त्यातच माझा 'न' त्यांना 'सो' वाटला. ही दोन अक्षरे जवळपास सारखीच दिसतात, फक्त 'न'ची मोठी रेघ खालून वर आणि 'सो'ची वरून खाली ओढायची असते. खाडाखोड चालत नसल्याने त्यांनी अत्यंत नम्रपणे वाकून मला कोरा फॉर्म दिला, आणि त्या नम्रतेनेच मी अधिक वैतागलो.

खाते उघडले, तरी पगार येईना. कार्यालयाच्या लेखा विभागाने माझे नाव ती आडवी रेघ गाळून नोंदवले होते आणि खात्यावरील नावाशी अक्षरशः जुळत नसल्याने रक्कम परत गेली. बँक म्हणे कार्यालयाला सांगा, कार्यालय म्हणे बँकेला विचारा; अखेर पासबुकाच्या आतल्या पानावर काताकानात छापलेल्या नावाचा फोटो मी लेखा विभागाला पाठवला, तेव्हा कुठे पगार जमा झाला. हा फोटो पहिल्याच दिवशी द्यावा.

नावाच्या वरील रकान्यात 'फुरिगाना' (नावाचा उच्चार) हा शब्द काताकानात छापलेला असेल तर उच्चार काताकानात आणि हिरागाना या दुसऱ्या जपानी लिपीत असेल तर हिरागानात लिहायचा, हा संकेत कोणीही समजावून सांगत नाही. जन्मवर्ष पुष्कळदा सम्राटाच्या कालगणनेनुसार मागतात. १९९६ म्हणजे हेइसेइ या कालखंडाचे वर्ष ८. पत्ता प्रांतापासून सुरू करून घरक्रमांकाकडे यायचा असतो, म्हणून आपल्या पत्त्यातील कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरे, आधी वहीत गिरवून ठेवाव्यात. आणि पुसता येणारे बॉलपेन घरीच ठेवावे, कारण तिथे ते स्वीकारत नाहीत.