तीन-चार नंबरचे पांढरे प्लग

आबांची ॲम्बॅसेडर १९७८ची, मार्क थ्री. इंजिन १४८९ सीसीचं, मूळचं बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज. दिवाळीनंतर तिचा जुना कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) उतरवून मी वेबर ४० डीसीओई हा कार्बोरेटर चढवला. आडवा, दोन घशांचा. या इंजिनला सिलिंडर चार, पण हेडमध्ये इनटेकची भोकं दोनच. त्यामुळे एक घसा एक-दोनला, दुसरा तीन-चारला, अशी सरळ वाटणी होते. कार्बोरेटर इंजिनला जोडणारा नळ्यांचा मॅनिफोल्ड बाहेरून कशाला मागवायचा? कोल्हापुरात राहतो आपण. मिस्त्रींकडून साच्यासाठी लाकडी पॅटर्न करून घेतला, शिरोलीला ॲल्युमिनियममध्ये ओतून आणला आणि उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये फ्लँज (जोडाच्या सपाट कडा) मशीन केले.

गाडी चालू झाली तेव्हा तो आवाज ऐकून शेजारची पोरं लेथ बंद करून आली. पण आयडलिंगला इंजिन सारखं वरखाली व्हायचं. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढं वळण काढून पुन्हा हलकेच पाय ठेवला, की ठसका. कार्बोरेटरच्या तोंडातून 'फट्' करून उलटा आवाज. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मात्र गाडी सुसाट.

उलटा आवाज म्हणजे मिक्श्चरला पेट्रोल कमी, हे खरंच आहे. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक. डीसीओईत साधारण तीन हजार आरपीएमपर्यंत इंजिन आयडल जेटवरच चालतं, मेन जेट नंतर कामाला येतो. म्हणून मी आयडल जेट ५०चा ५५ केला, मग ६०; आकडा मोठा तितकं भोक मोठं. फट् आवाज कमी झाला, पण गाडीत पेट्रोलचा वास भरला आणि ॲव्हरेज गेलं. तीन आठवडे यात गेले.

मग एका रविवारी जेटची डबी बाजूला ठेवली आणि पेट्रोलच्या बाजूनं सुरुवात केली. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा दाब मोजला, ३ पीएसआय. ठीक. साडेतीनच्या वर गेला तर वेबरची नीडल (पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) पेट्रोल धरत नाही आणि चेंबर वाहतं. मग फ्लोट, म्हणजे चेंबरमधल्या पेट्रोलवर तरंगून नीडल दाबणारा डबा. झाकण पॅकिंगसकट उभं धरायचं, फ्लोटची जीभ नीडलच्या बारीक गोळीला नुसती टेकली पाहिजे, गोळी आत दबता कामा नये. अशा वेळी पॅकिंगपासून फ्लोटपर्यंत माझ्या पितळी फ्लोटला ८.५ मिमी हवेत. मॉडेल बदललं की हा आकडा बदलतो, तेवढं तपासून घ्या. माझं माप बरोबर होतं.

मग प्लग काढून ओळीनं बाकावर मांडले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. एक-दोन काजळीनं काळे, तीन-चार खडूसारखे पांढरे. एकाच कार्बोरेटरवर! म्हणजे मोठ्या जेटनं चांगल्या बाजूला पेट्रोल जास्त पाजलं आणि उपाशी बाजू उपाशीच राहिली. असं चालवत राहिलो असतो तर तीन-चारचे व्हॉल्व्ह जळाले असते.

आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारे मिक्श्चर स्क्रूही तेच सांगत होते. एका घशाचा सव्वा आट्यावर बसलेला, दुसरा तीन आटे सोडला तरी इंजिनला फरक नाही. दोन्ही घशांवर हवेचं मीटर लावलं तर रीडिंग सारखं, म्हणजे घशांतल्या हवेच्या झडपा (बटरफ्लाय) ज्यावर बसतात तो स्पिंडल पिळलेला नव्हता. मग जादा हवा बटरफ्लायच्या पुढून कुठून तरी येत होती. आयडलला ती मिक्श्चर बिघडवते. पूर्ण थ्रॉटलला इंजिन इतकी हवा ओढतं, की तेवढ्या चोरट्या हवेचं काही वाटत नाही.

पॅकिंग नवं घातलं, फरक नाही. मिस्त्रींना सांगितलं तर त्यांचा एकच प्रश्न, "पाण्यात बुडवून बघितलास का रं?"

मॅनिफोल्डची तोंडं रबर आणि पट्ट्या लावून बंद केली, कॉम्प्रेसरची हवा अगदी कमी दाबानं सोडली आणि बादलीत धरला. तीन-चारच्या नळीखाली, जाड फ्लँज पातळ नळीला मिळतो त्या कोपऱ्यातून, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर यायला लागले. जाड भाग शेवटी थंड होतो, त्याला आत धातू कमी पडतो आणि तिथं स्पंजासारखी पोकळी राहते. वरच्या कातडीनं ती झाकलेली असते. मी फ्लँजचा पृष्ठभाग सपाट कापताना ती कातडी निघाली आणि वाट मोकळी झाली.

भोकं बुजवत बसलो नाही. मिस्त्रींनी पॅटर्नच्या त्या कोपऱ्याला गोलाई दिली, जाड भागावर रायझर (थंड होताना जादा धातू पुरवणारा साठा) घ्यायला लावला आणि दुसरं कास्टिंग ओतून घेतलं. मशीनिंगनंतर आधी बादली, मगच गाडी. मशीनिंगच्या आधी बुडवून उपयोग नाही, कारण चूक उघडी पडते ती मशीनिंगनंतर.

आयडल जेट परत ५०एफ८. दोन्ही स्क्रू सव्वा आट्याच्या आसपास बसले. चोक (घशाचा आतला अरुंद भाग) ३२ मिमीचा, त्याला चारनं गुणून मेन जेट १३०च्या जवळ येतो, त्यात पन्नास मिळवून हवेचा एअर जेट १८०. हे जुने हिशेब शुद्ध पेट्रोलचे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असलं तरी जेटला ते वेगळंच इंधन. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे त्याच जेटवर मिक्श्चरला इंधन कमी पडतं. म्हणून मेन १३५ केला आणि रबरी पाइप सगळे बदलले.

गेल्या रविवारी पन्हाळ्याला गेलो. चारी प्लग भाजक्या बिस्किटाच्या रंगाचे निघाले. आबा शेजारी बसले होते. दुसऱ्या वळणानंतर म्हणाले, "आता मान हलत नाही रं."