फुकट म्हणजे हलके?

बडोद्यात मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत ग्रंथांच्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत. खाली उभे राहिले की वरून जाणाऱ्याची सावली डोक्यावरून सरकते. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणून संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. त्याच बडोद्यात आम्ही मानव्यविद्येची मंडळी ‘ओपन ॲक्सेस’ म्हणजे शोधलेखन सर्वांना मोफत वाचायला खुले ठेवणे म्हटले की नाक मुरडतो, याचे मला पूर्वी फार नवल वाटे.

आता तितकेसे वाटत नाही. बुडापेस्टच्या २००२ सालच्या जाहीरनाम्याने शोधनिबंध वाचकाला विनामूल्य मिळावेत असा आग्रह धरला खरा, पण पुढे अनेक नियतकालिकांनी वाचकाची वर्गणी माफ करून तो बोजा प्रकाशन-शुल्काच्या रूपाने लेखकाच्या खांद्यावर टाकला. विज्ञानातल्या प्रकल्पांत या शुल्काची तरतूद बहुधा असते. मोडी कागदपत्रांचे रुमाल उलगडून एकट्याने वाचत बसणाऱ्याकडे मुळात प्रकल्पच नसतो. एका परदेशी नियतकालिकाने माझा लेख स्वीकारून शुल्काचा आकडा कळवला, तेव्हा मी आधी शून्ये मोजली आणि मग लेख मागे घेतला. लेखकाकडून काहीच न घेता ग्रंथालयांच्या वर्गणीवर चालणारी ‘ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज’ २०१५ पासून उभी आहे, पण आमच्याकडे तिचे नाव क्वचितच निघते. निघतात ती पैसे घेऊन आठवड्याभरात लेख छापणाऱ्या बोगस नियतकालिकांची, आणि मग फुकट वाचायला मिळते ते हलकेच, असा समज पक्का होतो.

कलेतिहास शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीची अडचण आणखी वेगळी आहे. संग्रहालये चित्र छापण्याची परवानगी पुष्कळदा प्रतींच्या संख्येवर देतात; जे साऱ्या जगाला खुले, त्याच्या प्रती किती म्हणून सांगायच्या?

खुला ठेवलेला प्रबंध चोरीला जाण्याची भीती मात्र मला पटत नाही. ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात प्रबंध उघडा असला की उचलेगिरी लपत नाही, उलट सापडते. आमचे एक ज्येष्ठ सर या भीतीचे खंदे पुरस्कर्ते. इतरांचे प्रबंध मात्र ते तिथूनच उतरवून घेतात. त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाच्या तीनशे प्रती निघाल्या होत्या. गेल्या महिन्यात ते ग्रंथालयाची प्रत घेऊन माझ्याकडे आले, कारण घरची प्रत वाळवीने खाल्ली होती. मी पानामागून पान स्कॅन करत होतो आणि सर पुस्तकाची पाठ दाबून धरून विचारत होते, “हे तू कुठे टाकणार नाहीस ना?”