चेलो, चेलो, मांका!

गेले दोन महिने आमच्या इटलीतल्या घरात दोन शब्दांनी धुमाकूळ घातलाय. ‘चेलो’ म्हणजे आहे माझ्याकडे. ‘मांका’ म्हणजे नाही. माझा लेक तिसरीत आहे. मधल्या सुट्टीत दोन पोरं समोरासमोर उभी राहतात, एक जण पत्ते पिसल्यासारखा स्टिकरांचा गठ्ठा भराभर सरकवतो आणि दुसरा जपमाळ ओढल्यासारखा पुटपुटत राहतो. चेलो, चेलो, चेलो, चेलो... मांका! मांका आलं की गठ्ठा थांबतो आणि घासाघीस सुरू होते. खरं तर ‘चे लो’ हे अख्खं इटालियन वाक्य, पण इथल्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या बोलून त्याचा एकच शब्द करून टाकलाय.

स्टिकर चिकटवायचा अल्बम अर्थातच फुटबॉलपटूंचा. यंदा काल्यारी क्लबचा एक डिफेंडर काही केल्या पाकिटातून निघत नव्हता. त्या बिचाऱ्याला काल्यारीच्या बाहेर किती लोक ओळखतात देव जाणे, आमच्याकडे मात्र सकाळ-संध्याकाळ त्याचाच धावा चालायचा. शेवटी एक दिवस लेकानं निकाल दिला, “आई, हे लोक काही काही स्टिकर मुद्दाम कमी छापतात.”

मला हसू आलं, कारण ‘हे लोक’ आमच्याच गावचे, मोदेनाचे. मोदेना म्हटलं की आपल्याकडे फेरारी आठवते, फार तर ऑपेरा गायक पावारोत्ती. पण जगभरातली पोरं ज्या ‘पानिनी’च्या स्टिकरांपायी खाऊचे पैसे उडवतात, ते पानिनी बंधू इथलेच. व्याकरणवाल्या पाणिनीशी त्यांचा काही संबंध नाही. नवरा हा विनोद इथे आल्यापासून करतोय आणि इथे तो कुणालाच कळत नाही.

जानेवारी 1945. युद्ध अजून संपलेलं नव्हतं. नवरा जाऊन तीन-चार वर्षं झालेली, पदरात आठ मुलं, अशा ओल्गा पानिनी या बाईंनी कॅथेड्रलच्या जवळ, कोर्सो दुओमोवर वर्तमानपत्रांचा एक स्टॉल घेतला. पोरं तिथेच राबून मोठी झाली. पुढे 1954मध्ये थोरल्या भावांनी, जुझेप्पे आणि बेनितो यांनी, पेपर वाटपाची एजन्सी काढली. 1960मध्ये त्यांना मिलानच्या एका प्रकाशकाचा न खपलेल्या फुटबॉल स्टिकरांचा गठ्ठा मिळाला. दुसऱ्यानं टाकून दिलेला माल. भावांनी दोन-दोन स्टिकर पाकिटात घातले आणि पाकीट दहा लिऱ्यांना विकायला ठेवलं. तीस लाख पाकिटं खपली! मुद्दा चित्रांचा नव्हताच, बंद पाकिटाचा होता. आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही, आणि पेपरवाल्याच्या घरच्या माणसांना गिऱ्हाइकाचा हात कुठे थबकतो ते बरोबर ठाऊक असतं.

मग 1961मध्ये त्यांनी स्वतःचाच संग्रह छापला. पहिला स्टिकर होता मिलानच्या इंटर क्लबचा कर्णधार ब्रुनो बोल्की. त्या वर्षी दीड कोटी पाकिटं गेली, पुढच्या वर्षी जवळजवळ दुप्पट. घरच्या बायका बसून हातानं पाकिटं भरायच्या. पण खरी डोकेदुखी होती ती स्टिकर मिसळायची. छपाईच्या तावातून एकाच खेळाडूचे गठ्ठे निघायचे. ते नीट मिसळले नाहीत तर एका पाकिटात एकच तोंड दोनदा यायचं आणि पोरं दुकानदाराच्या डोक्यावर बसायची. म्हणून भावांनी चक्क लोणी घुसळायचं पिंप आणलं आणि त्यात गोलकीपर, फॉरवर्ड सगळे घुसळून काढले. तेवढ्यानंही भागेना, तेव्हा व्हेनेझुएलात गेलेल्या उंबेर्तोला परत बोलावून घेतलं. हा भाऊ यंत्रांतला माणूस. त्यानं ‘फिफिमॅटिक’ नावाचं यंत्र बनवलं. ते स्टिकर मिसळायचं आणि पाकिटात भरूनही द्यायचं. पानिनींच्या साम्राज्याचं गुपित विचाराल तर मी या यंत्राचं नाव घेईन.

तरी लेकाचा संशय अगदीच हवेतला नाही, हे मला इथल्या ‘म्युझेओ देल्ला फिगुरीना’त कळलं. स्टिकरांचं संग्रहालय! जुझेप्पेनं आयुष्यभर जमवलेला खजिना 1992मध्ये नगरपालिकेला देऊन टाकला आणि 2006पासून तो पालात्झो सांता मार्गेरितामध्ये आहे. तिथे फुटबॉल हा अगदी शेवटचा अध्याय वाटतो. रंगीत शिलाछपाई स्वस्त झाली आणि एकोणिसाव्या शतकात दुकानदारांना चित्रांचं वेड लागलं. पॅरिसच्या ‘बों मार्शे’ या मोठ्या दुकानात आईबरोबर येणाऱ्या पोरांना चित्रकार्डं वाटायचे, मांसाच्या अर्काच्या बरण्या विकणारी ‘लीबिग’ कंपनी 1870च्या दशकापासून कार्डांच्या मालिकाच काढू लागली. मग सिगारेटची पाकिटं, मग चॉकलेटं. काड्यापेट्यांचे छाप पाहिल्यावर तर मी तिथेच रेंगाळले. माझ्या भावाकडे बुटाच्या खोक्यात असे दोनशे छाप होते. एका सुट्टीत आईनं ते रद्दीवाल्याला दिले. त्यावर तो अजूनही आईशी भांडतो.

तर तो संशय. 1934मध्ये इटलीच्या रेडिओवर ‘चार शिलेदारां’ची एक विनोदी मालिका लागली आणि तिच्या जोडीनं पेरुजिना-बुइतोनी या कंपन्यांनी चॉकलेट आणि पास्त्याबरोबर पात्रांची चित्रं द्यायला सुरुवात केली. अल्बम भरला की बक्षीस, दीडशे अल्बम भरले तर फियाट टोपोलिनो गाडी! देश वेडा झाला. पण ‘फेरोचे सालादिनो’, म्हणजे उग्र सलाउद्दीन, हे एक चित्र कुणालाच सापडेना. ते खरोखरच कमी निघालं होतं. त्याचे भाव चढले, सट्टा चालला आणि शेवटी सरकारला अशा बक्षीस योजनांना लगाम घालावा लागला.

पानिनींच्या इतिहासातही असा एक ‘सालादिनो’ आहे, आतालांता क्लबचा गोलकीपर पित्साबाल्ला. 1963-64च्या अल्बमसाठी फोटोग्राफर आला तेव्हा साहेब जागेवर नव्हते म्हणे. त्यामुळे त्याचा स्टिकर उशिरा आणि मोजकाच आला. आमच्या इमारतीतले सत्तरीचे आजोबा आजही ‘पित्साबाल्ला’ म्हटलं की कपाळावर हात मारतात. त्यांच्या वेळी स्टिकर मागून चिकट नसायचे, ते 1970च्या दशकात आले. तोवर पत्र्याच्या डबीतली कोक्कोइना नावाची खळ ब्रशनं लावायची. तिला बदामाचा वास येतो. आजोबांनी मला ती डबी हुंगायला दिली, बोट आत घालून चाखायची त्यांची जुनी सवयही सांगितली. डबल स्टिकर भिंतीवरून टिचकीनं उडवायचे, ज्याचा दुसऱ्याच्या स्टिकरवर पडला त्यानं दोन्ही जिंकले. आपण छाप घेऊन याहून वेगळं काय करत होतो?

रात्री नवऱ्यानं कागद घेऊन लेकाची समजूत काढली. उदाहरणाला 2018च्या विश्वचषकाचा अल्बम घेतला. 682 स्टिकर, पाकिटात पाच. सगळे अगदी सारख्या संख्येनं छापले, कुणी लबाडी केली नाही आणि तुम्ही कुणाशीच अदलाबदल केली नाहीत, तर अल्बम भरायला सरासरी 4,844 स्टिकर लागतात. म्हणजे साडेनऊशेहून अधिक पाकिटं! त्यातला शेवटचा एक स्टिकर मिळायलाच सरासरी 682 फोडावे लागतात. पाकिटामागे एस्प्रेसोचा भाव धरा आणि माझा चेहरा डोळ्यांसमोर आणा. लेकानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “म्हणूनच तर दोस्त लागतात ना बाबा.”

हे वेड फक्त पोरांचं आहे असंही समजू नका. 2022च्या विश्वचषकाआधी अर्जेंटिनात स्टिकर मिळेनासे झाले, तेव्हा तिथल्या व्यापार खात्याला कंपनी आणि स्टॉलवाल्यांची बैठक बोलवावी लागली. महागाईनं देश होरपळत असताना! आमच्या शाळेत मात्र बाईंनी तासाला गठ्ठा दिसला की जप्त करायचा नियम केलाय. म्हणून लेकानं महत्त्वाचे स्टिकर दप्तराऐवजी अंगावर बाळगायला सुरुवात केली.

कंपनी राहिलेले स्टिकर नंबरानं मागवूही देते. मी हळूच विचारलं, काल्यारीवाला मागवूया का? त्यानं असं पाहिलं की जणू मी त्याला परीक्षेत कॉपी करायला सांगितलं.

परवा दोरीवर कपडे घालताना त्याच्या शर्टाच्या खिशात काहीतरी कडक लागलं. कागद लगदा झालेला, पण मागचा चिकट भाग खिशाच्या अस्तराला घट्ट धरून. मी नखानं सोडवलं. डोकं पार धुऊन गेलेलं, खाली लाल-निळा शर्ट आणि काल्यारीच्या बिल्ल्याचा अर्धा तुकडा. शुक्रवारी कुणीतरी तीन डबलांच्या बदल्यात दिला होता म्हणे. घरी आल्यावर दाखवायचा होता आणि विसरला.

मी रडारडीची तयारी ठेवली होती. त्यानं तो तळहातावर घेतला, उजेडात धरला, अल्बमच्या रिकाम्या चौकोनावर ठेवून पाहिला, आणि फार गंभीरपणे विचारलं, “आई, हा आता चेलो धरायचा की मांका?”