परींच्या राजपुत्राशी संसार

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात धर्मादाय संस्थांची दुकानं गल्लोगल्ली आहेत. लोकांनी देऊन टाकलेले कोट, कपबश्या, जिगसॉ पझल्स आणि मागच्या भिंतीला पुस्तकं. त्या पुस्तकांत एक मुखपृष्ठ हटकून सापडतं. हिरवी टेकडी, पलीकडे समुद्र, दगडी घराच्या धुराड्यातून धूर, आणि वर सोनेरी उठावाच्या अक्षरांत लेखिकेचं नाव, पुस्तकाच्या नावाहून मोठं. आत काय आहे ते उघडून बघायची गरजच नाही. अमेरिकेतून मन मोडून आलेली नायिका, आजीचं रिकामं घर, पबचा देखणा मालक, आणि टेकडीच्या पोटात परींचा राजवाडा.

ही पुस्तकं, म्हणजे आयरिश परींच्या प्रणयकादंबऱ्या, मी चवीनं वाचते. माझे कॉलेजातले मिल्स अँड बून वेगळे, त्यात कुणाला शाप नसायचा. फार तर नायकाला गर्व असायचा. इथे पावसाळी संध्याकाळी, हिवाळ्यात पाच वाजताच अंधार पडल्यावर, शाप असलेलं पुस्तकच बरं वाटतं. शिवाय आयर्लंडमधल्या सार्वजनिक वाचनालयांसारखं सुख नाही. सभासदत्व फुकट, एकाच कार्डावर देशातल्या कुठल्याही शाखेतून पुस्तक मागवता येतं, आणि २०१९पासून उशिराचा दंडही नाही. पुण्यात ग्रंथालयाच्या दंडापायी आईची बोलणी खाल्लेल्या माणसाला याची किंमत कळते.

या प्रकारातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे नोरा रॉबर्ट्स. बाई अमेरिकन, मेरीलँडच्या, पण वंश आयरिश. १९९९ आणि २००० या दोन वर्षांत त्यांची आर्डमोर गावावरची तीन पुस्तकं आली. परींचा राजपुत्र आणि गावातली एक मुलगी यांची शेकडो वर्षांपूर्वी ताटातूट झालेली. तिचं भूत एका घरात, तो टेकडीखाली. गावातली तीन जोडपी एकमेकांना मनापासून होकार देत नाहीत तोवर या दोघांची सुटका नाही. म्हणजे थोडक्यात, माणसांची लग्नं जुळवणं हा त्या बिचाऱ्या राजपुत्राचाही स्वार्थ. मला ही कल्पना फार आवडली. मध्यस्थाला स्वतःची गरज असली की तो कामाला लागतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही मावशीला ठाऊक आहे.

आर्डमोर खरंच आहे. वॉटरफर्ड परगण्यात, समुद्रावर, कॉर्कहून गाडीनं तासाभराच्या आसपास. मी गेले तेव्हा वारा इतका होता की बोलणं तोंडातच राहायचं. टेकडीवर बाराव्या शतकातला उंच, निमुळता, गोल दगडी मनोरा आहे, जवळपास तीस मीटर. शेजारी पडक्या चर्चच्या भिंतीवर कमानींमध्ये कोरलेली माणसं; वाऱ्यापावसानं त्यांची नाकंडोळी पुसून गेलीत, पण आदम आणि ईव्ह ओळखू येतात. खाली वाळूवर एक मोठा धोंडा आहे. तो संत डेक्लनची घंटा घेऊन समुद्रावरून तरंगत आला म्हणे, आणि त्याच्याखालून सरपटत गेलं की पाठदुखी जाते. मी वाकून बघितलं. ज्याची पाठ खरंच दुखतेय तो या फटीतून जाऊच शकणार नाही, अशी चोख व्यवस्था आहे.

कादंबरीत हे सगळं आहे. पण तिथे वारा केसांशी खेळतो, आणि सगळे जण उठता बसता गाणी म्हणतात. आमच्या ऑफिसातली एक बाई, क्लेअर परगण्यातल्या शेतकरी घरातली, ही पुस्तकं बघून डोळे फिरवते. तिच्या मते कुठलाही आयरिश पुरुष भावनांबद्दल सलग तीन वाक्यं बोलत नाही, आणि ही सगळ्यात मोठी जादू लेखिकेनं जादू म्हणून नोंदवलेलीच नाही.

पण टेकडीखालच्या लोकांविषयी हीच बाई थट्टा करत नाही. तिच्या वडिलांच्या शेतात गोल मातीचा बांध आहे, वर काटेरी झाडं माजलेली. असे सुमारे ४५,००० बांध या बेटावर असतील. ते मुळात हजारेक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांभोवतीचे कोट. कालांतरानं माणसं गेली आणि लोकांनी ठरवलं की आता तिथे ‘ते’ राहतात. पंख, छडी वगैरे काही नाही. माणसाएवढेच, गुरं पाळणारे, लग्नं करणारे, भांडणारे, आणि अपमान झाला तर पिढ्यानपिढ्या लक्षात ठेवणारे. त्यांचं नाव थेट घ्यायचं नाही, ‘भली माणसं’ म्हणायचं. तिच्या वडिलांनी आयुष्यभर ट्रॅक्टर त्या बांधाला वळसा घालून नेला. विश्वास आहे का, असं विचारलं की म्हणतात नाही. नांगर घालाल का, असं विचारलं की त्यालाही नाहीच.

मी तिला साती आसरांबद्दल सांगितलं. विहिरीच्या काठावरचे ते सात शेंदरी दगड, खणानारळाचा मान, आणि तिन्हीसांजेला तिकडे फिरकू नकोस ही ताकीद. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिनं फक्त विचारलं, ‘आणि त्या घेऊन जातात?’ म्हटलं, हो, घेऊनच जातात.

क्लेअरमध्येच १९९९ साली लॅटूनला नवा रस्ता होणार होता आणि आखणीत एक एकटं हॉथॉर्नचं झुडूप येत होतं. एडी लेनिहान या कथाकारानं जाहीरपणे बजावलं की हे झाड मन्स्टर प्रांताच्या परींचं, शेजारच्या कॉनाक्ट प्रांताच्या परींशी लढाईला जाताना त्या इथे जमतात. तोडलंत तर त्या रस्त्यावर माणसं मरतील. जगभरच्या पत्रकारांना हसायला विषय मिळाला. रस्ता मात्र झाडाला सोडून गेला. पुढे कुणीतरी करवतीनं त्याच्या फांद्या छाटल्या, तरी ते पुन्हा फुटलं.

कादंबऱ्यांतला परीपुरुष आणि या शेतकऱ्यांचा परीपुरुष हे दोघं वेगळे आहेत. एक मोह घालतो, दुसरा पळवतो. आणि पळवण्याच्या भीतीनं काय होतं ते टिपरेरी परगण्यातल्या एका घरात दिसलं.

ब्रिजेट क्लिअरी कपडे शिवायची. घरात शिवणयंत्र, कोंबड्यांची अंडी विकून आलेले स्वतःचे पैसे, नीटनेटका पोशाख. १८९५च्या मार्चमध्ये ती आजारी पडली. नवरा मायकेल याच्या डोक्यात बसलं की ही आपली बायको नव्हे. खरीला टेकडीखालच्यांनी नेलं आणि तिच्या जागी ही बदली बाई ठेवली. कडू वनस्पतींचे काढे घशात ओतले, तिला नावानिशी ‘मी ब्रिजेट’ असं पुन्हापुन्हा म्हणायला लावलं. तिचे वडील आणि जवळचे नातेवाईक घरात होते. शेवटी त्यानं तिला चुलीपाशी जाळलं. आणि मग तो सुरी घेऊन जवळच्या मातीच्या कोटापाशी जाऊन वाट बघत बसला, कारण खरी ब्रिजेट रात्री पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येणार होती आणि तिला बांधलेले दोर त्याला कापायचे होते. पोलिसांना मृतदेह उथळ खड्ड्यात सापडला. मायकेलला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, वीस वर्षांची. पंधरा भोगून तो सुटला.

पांढरा घोडा, मध्यरात्र, प्रियेची सुटका करायला आलेला पुरुष. सोनेरी अक्षरांच्या पुस्तकातला हा अगदी ठरलेला प्रसंग. हे वाचल्यावर बरेच दिवस मला या पुस्तकांकडे हात न्यावासा वाटला नाही. नंतर न्यावासा वाटला, पण वाचायची रीत बदलली. आता मी एकच गोष्ट बघते: तिला कुणी विचारलं का?

लोककथांत सहसा विचारत नाहीत. सीलबाईची गोष्ट घ्या. पश्चिम किनाऱ्यावर ती गावोगाव सांगतात. समुद्रातले सील प्राणी किनाऱ्यावर येतात, कातडी उतरवतात, बायका होऊन चांदण्यात बसतात. कोळी एकीचं कातडं चोरतो, आढ्यात लपवतो. तिला परत जाता येत नाही, म्हणून ती त्याच्याशी लग्न करते, मुलं होतात, भाकऱ्या होतात, वर्षं जातात. एक दिवस मुलाला आढ्यात काहीतरी मऊ, ओलसर लागतं, तो आईला विचारतो हे काय गं. ती कातडं उचलते आणि चालायला लागते, मुलांना किनाऱ्यावर सोडून. कादंबरीकारांना ही गोष्ट भारी प्रिय, पण शेवट परवडत नाही. प्रणयकादंबरीच्या वाचकाला सुखाचा शेवट हक्कानं हवा असतो. मग कातडं चोरणारा खलनायक वेगळा होतो, नायक ते शोधून परत देतो, आणि ती आपण होऊन राहते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही लबाडी वाटली होती. आता वाटत नाही. चोरीच्या लग्नाला प्रेम म्हणायचं नसेल तर गोष्ट कुठेतरी उसवायलाच हवी.

आपल्या पुरूरव्याची उर्वशीही अटीवर राहिली आणि अट मोडताच गेली. नंतर तो तिला शोधत तळ्यावर पोचला तेव्हा ती सख्यांबरोबर पाणपक्षी होऊन पोहत होती. आयरिश पुराणांत असल्या अटींचा सुकाळ आहे. उशीन नावाचा वीर परीलोकातल्या नीवबरोबर चिरतारुण्याच्या देशात जातो, तीनशे वर्षांनी घरच्या ओढीनं परततो, आणि जमिनीला पाय लागताच म्हातारा होतो. ग्रान्या ऐन स्वतःच्या लग्नाच्या मेजवानीत डिअरमिडवर शपथ घालून त्याला पळून जायला भाग पाडते. शेवटी रानडुकराच्या जखमेनं तो मरतो, आणि ज्याची ओंजळभर पाण्यानं वाचवायची ताकद आहे तो नवरदेव पाणी बोटांतून गळू देतो. परीलोकातला मिडिर तर राजाच्या बायकोला, एदीनला, राजाकडून पटावरच्या खेळात जिंकतो. दोघं हंस होऊन छतातल्या धुराड्यातून उडून जातात आणि राजा तिच्या शोधात परींच्या टेकड्या खणत सुटतो.

एकच गोष्ट मला सापडली जी नीट संपते, आणि ती हजार वर्षांहून जुनी आहे. एंगस या आयरिश देवाला स्वप्नात एक मुलगी दिसते आणि तो अंथरूण धरतो. घरचे शोध घेतात. ती केर, एका परीसरदाराची लेक. बापावर दबाव आणतात, तर तो सांगतो, माझ्या हातात काही नाही, तिची शक्ती माझ्याहून मोठी आहे. ती एक वर्ष मुलगी असते आणि एक वर्ष हंस. साउइनला, म्हणजे आजच्या हॅलोवीनच्या दिवशी, एंगस तळ्यावर जातो. दीडशे हंस. तो तिला हाक मारतो. ती विचारते, मला पुन्हा पाण्यात जाऊ देशील? तो वचन देतो. मगच ती येते. आणि तो तिला माणूस करत नाही, स्वतः हंस होतो. दोघं तळ्याला तीन फेऱ्या घालून त्याच्या घराकडे, बॉइन नदीकाठच्या त्या प्रचंड दगडी थडग्याकडे उडतात, आणि त्यांच्या गाण्यानं तिथले लोक तीन दिवस तीन रात्री झोपी जातात. त्या थडग्यापाशी, म्हणजे न्यूग्रेंजला, रांगेत उभं राहणाऱ्या पर्यटकांना मार्गदर्शक आत शिरणाऱ्या हिवाळी सूर्यकिरणांबद्दलच भरभरून सांगतात. मला ही गोष्ट ऐकायची होती.

म्हणून आता निवड कडक झालीय. ज्या पुस्तकात जादू फुकट मिळते, नायिका आंघोळीला गेली की शक्ती येते आणि कॉफी पिताना शाप सुटतो, ते मी पन्नासाव्या पानावर परत करते. जिथे कुणाला तरी काही सोडावं लागतं, आणि ते बहुधा पुरुषाला सोडावं लागतं, ते मी रात्री जागून संपवते. नायक किती देखणा आहे याला मी फारसे गुण देत नाही. (थोडे देते.)

ऑक्टोबरअखेरीस या सगळ्याची घरगुती आवृत्ती सुपरमार्केटात मिळते. बार्मब्रॅक नावाचा मनुका घातलेला गोडसर पाव, त्यात कागदात गुंडाळलेली पितळी रंगाची अंगठी. ज्याच्या तुकड्यात अंगठी येईल त्याचं वर्षभरात लग्न. पूर्वी चिंधी आणि काडीही घालत. चिंधी आली तर गरिबी, काडी आली तर भांडकुदळ संसार. आता दुकानवाले फक्त चांगलं भविष्य पुरवतात. आमच्या ऑफिसात लोणी लावून तुकडे वाटले, तर अंगठी नेमकी नुकताच घटस्फोट झालेल्या आमच्या साहेबांच्या दाताखाली आली. त्यांनी ती पुसली, कागदात पुन्हा गुंडाळली, आणि उरलेल्या पावात अंगठ्यानं खोल खुपसली.

घरी बसून खरं लोकसाहित्य वाचायचं असेल त्यांच्यासाठी एक फुकट खजिना सांगते. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगानं सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांच्या मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी, औषधं, म्हणी, भुतंखेतं लिहून आणायला लावली. त्या वह्या आता ‘दूखस’ (duchas.ie) या संकेतस्थळावर पानं पानं करून ठेवल्यात. पुष्कळ इंग्रजीत आहेत, परगणा निवडून शोधता येतं. मुलांचं वळणदार अक्षर, मध्येच शाईचा डाग, आणि सात ओळींत एका शेजारणीला टेकडीवाल्यांनी नेल्याची हकिकत, शेवटी कुणी सांगितली त्याचं नाव नि वय. क्लेअरपासून सुरुवात करा.

मी सध्या डोनेगलच्या शाखेतून एक सीलबाई मागवलीय. मुखपृष्ठावर उघड्या छातीचा कोळी आहे, तेव्हा फार आशा नाही. पण मागच्या मजकुरात म्हटलंय की कातडं कुठे लपवलंय ते तिला पहिल्या प्रकरणापासून माहीत असतं. मग ती राहिली का, हे मला कळायला हवं.