जुनी एलपी फोटोवरून निवडताना

पियानोची ती एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकडी, मी फोटो बघूनच घेतली होती. काळीभोर, आरशासारखी लखलखीत, वर्णनात 'निअर मिंट', म्हणजे जवळजवळ नवी. सुई टेकवली आणि पहिली दोन-तीन मिनिटं मी खूश होतो. मग वादकाने जोर धरला आणि प्रत्येक दणदणीत सुराच्या कडा फाटल्यासारख्या वाजू लागल्या. बाजूच्या शेवटाची रचना तर ऐकवेना. तबकडी धुतली, सुई बदलली, काही फरक नाही. खाचाच झिजल्या होत्या. कुणीतरी खराब सुईने ती वर्षानुवर्षं वाजवली असणार, आणि असली झीज फोटोत दिसत नाही.

तेव्हापासून मी सगळ्यात आधी लेबलचा फोटो मोठा करून मधलं छिद्र बघतो. तबकडी लावताना प्लेअरच्या मधल्या खुंटीचं टोक छिद्र शोधत लेबलवर घासतं आणि बारीक चंदेरी रेघ सोडून जातं. सांभाळून हाताळणाऱ्याकडून अशा रेघा कमी पडतात, हे खरं. पण छिद्राभोवती रेघांचं जाळंच दिसलं, तर ती तबकडी भरपूर वाजलेली आहे, मग वरून कितीही चमकू दे.

ग्रेड, म्हणजे विक्रेत्याने तबकडीच्या स्थितीला दिलेला दर्जा, मी दुसऱ्या नंबरला ठेवतो. बहुतेक विक्रेते गोल्डमाइन या अमेरिकन मासिकाने रूढ केलेली श्रेणी वापरतात आणि त्यातले शब्द नवख्याला फसवतात. 'व्हेरी गुड' म्हणजे संगीतातल्या शांत जागी खरखर ऐकू येणार. 'गुड' म्हणजे सुई अडकणार नाही, एवढीच काय ती हमी. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ग्रेड नुसती बघून दिलीत की वाजवून? दुसरी विनंती, प्रत्येक बाजूचं शेवटचं एक मिनिट फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. शेवटचंच का? फेरे मिनिटाला तेच 33⅓, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ जेमतेम 20. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला असतो, त्यामुळे झीज तिथे आधी बोलते.

ओरखड्यांना मात्र लोक उगाच घाबरतात. तिरप्या उजेडात दिसणाऱ्या केसाएवढ्या रेघा बऱ्याचदा ऐकूच येत नाहीत. माझ्याकडची एक एलपी दिसायला अगदी मळकट आहे, पण वाजते स्वच्छ. नखाला लागणारा चरा असेल तर गोष्ट वेगळी. वीस मिनिटांच्या बाजूवर सुमारे 667 फेरे असतात. म्हणजे खाचांना आडवा गेलेला 1 सेंटिमीटरचा चरा 75-80 फेऱ्यांना छेदतो, आणि दर 1.8 सेकंदाला एक 'टक्' अशी दोन मिनिटांहून जास्त साथ देतो. म्हणून 'थोडे ओरखडे' एवढ्यावर मी थांबत नाही. नखाला लागतो का, किती लांब आहे, कुठल्या गाण्यावर आहे, सगळं विचारतो. फोटोही एकाच दिव्याच्या तिरप्या उजेडातला मागतो. खिडकीच्या मऊ उजेडात सगळंच छान दिसतं.

पीव्हीसीच्या मऊ पाकिटात वर्षानुवर्षं राहिलेल्या तबकडीवर कधीकधी दुधाळ धुकं येतं. ते धुऊन जाईलच असं नाही, आणि सूं-सूं आवाज कायमचा मागे राहू शकतो. असं धुकं दिसलं की मी पुढे जातो. वाकलेली तबकडीही नकोच, 'वाजते व्यवस्थित' असं लिहिलेलं असलं तरी.

काल रात्री एकाने त्याच पियानोच्या एलपीच्या दुसऱ्या प्रतीच्या क्लिप पाठवल्या. कव्हरची वरची शिवण उसवली आहे, एका कोपऱ्यावर जुन्या मालकाची सही आहे. मी हेडफोन लावून शेवटचं मिनिट चार वेळा ऐकलं. शेवटचा स्वर विरेपर्यंत स्वच्छ आहे. पैसे पाठवले आणि एवढंच लिहिलं: तबकडी कव्हरमधून बाहेर काढून, आतल्या पाकिटासकट कव्हरच्या मागे ठेवून पॅक करा, म्हणजे उरलेली शिवण तरी वाटेत उसवणार नाही.