बुजवलेली खुर्ची

शनिवारी एका तरुण चित्रकर्तीचं प्रदर्शन पाहून आले. तीन दिवस झाले, पण चित्रांशेजारची ती पाटी काही डोक्यातून जात नाही.

प्रत्येक चित्रात एकच माणूस, बहुतेक पाठमोरा. भोवती नुसते रंगाचे पट्टे. दार नाही, क्षितिज नाही, माणसाची सावलीसुद्धा नाही, त्यामुळे तो टेकलाय कशावर हेच कळत नाही. आणि पाटी म्हणते, 'स्थलांतरिताचं तुटलेपण'.

माझं डोकंच फिरलं. तो माणूस परका आहे हे ठरवलं कुणी? जन्म एकाच घरात काढलेला माणूसही असा बसतो. मी इथे परदेशात एकटी राहते, पण तुटलेली नाही. आपल्याबद्दल बोलताना इथल्या लोकांना आधी कीवच का सुचते?

आपले चित्रकार तैयब मेहता यांनी 1947 मध्ये, फाळणीच्या दंगलीत, खिडकीतून जमावानं एका माणसाला मारताना पाहिलं होतं. ते त्यांना आयुष्यभर पुरलं, तरी त्यांच्या चित्रांतल्या कोसळत्या माणसाभोवती ना रस्ता आहे, ना जमाव. आहेत ते सपाट रंग, आणि पुढे 1969 च्या सुमारास आलेली, कॅनव्हास चिरत जाणारी तिरपी रेघ. त्याला 'फाळणीग्रस्त' अशी पाटी लावून पाहा, चित्र तिथेच संपेल. हे आपल्याकडच्या चित्रकारांनी केव्हाच दाखवून दिलंय.

चित्रकर्ती तिथेच होती. म्हणाली, पाटी दालनानं लिहिली. तिचा जन्म इथलाच, फक्त आडनाव बाहेरचं.

मग ती मला एका चित्राच्या बाजूला घेऊन गेली. तिरप्या उजेडात रंगाखाली उंचवटे दिसले: खुर्चीचे पाय, टेबलाची कड. आधी तिनं अख्खी खोली रंगवली होती, मग एकेक वस्तू बुजवत गेली. जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिशच्या 'समुद्राकाठचा संन्यासी' (1808–10) या चित्रातही आधी जहाजं होती. त्यानंच ती बुजवली. अवरक्त किरणांच्या तपासणीत ती सापडली.

म्हणजे ती पोकळी आयती नव्हती. थरावर थर देऊन केलेली होती.

घरी व्हिडिओ कॉल करताना मी फोन नेहमी पुस्तकांच्या कपाटासमोर ठेवते. उरलेल्या खोलीत अजून फारसं काही नाही. आईला उगाच काळजी कशाला? कपाट माझंच आहे, त्यात खोटं काही नाही.

प्रदर्शन रविवारपर्यंत आहे. पुन्हा जाणार आहे, उन्हं कलल्यावर. बाकीच्या चित्रांतल्या खुर्च्या शोधायच्या राहिल्यात.